रविवारचं सूप आणि अर्ध्या तासाची गोष्ट

परवाच्या रविवारी सकाळी दहा ते एक असा मी स्वयंपाकघरात होतो. मसूर शिजवला, लाल भोपळा आणि गाजरं चिरली, टोमॅटो उकडले, सगळं घुसळून आठवड्याच्या सूपची सोय केली. डबे भरून फ्रीजमध्ये लावले आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. दहा मिनिटांत अकरा जणांचे अंगठे आले. "मामा, ग्रेट!", "काका, आमच्याकडे पण या!" वगैरे.

मग ताईचा मेसेज आला. ताई माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिने लिहिलं, "छान केलंस. आईने हे आयुष्यभर केलं, तिला मात्र सगळ्यांनी अंगठाच दाखवला."

मी हसलो, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आज जरा लांबलचक लिहितोय ते त्यामुळे. विषय सूपचा आहे, पण रेसिपी शेवटी येईल. आधी थोडा इतिहास, कारण आठवड्याभराचं सूप आधी करून ठेवायची ही कल्पना आजच्या रील्समधून आलेली नाही. तिच्या मागे गिरण्या आहेत, भोंगे आहेत, कायदे आहेत. आणि आपली मुंबईसुद्धा आहे.

सुरुवात करू स्वित्झर्लंडपासून. आपल्याला तो देश म्हणजे बर्फ, गाई आणि बँका एवढाच माहीत. पण एकोणिसाव्या शतकात तिथल्या डोंगराळ खोऱ्यांत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. ग्लारुस नावाचा एक छोटा प्रांत आहे, तिथे छापील सुती कापडाचा धंदा जोरात होता. नवरा-बायको दोघंही कामाला. सकाळी अंधारात निघायचं, अंधारात परत यायचं. या ग्लारुसमध्ये १८६४ साली लोकांनी कायदा केला की गिरणीत मोठ्या माणसाचं काम दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त नको. पुढे १८७७ मध्ये सगळ्या देशासाठी कारखाना कायदा आला, जनमत घेऊन मंजूर झाला आणि मर्यादा ११ तासांवर आली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी झाली.

त्या कायद्यातलं एक कलम मी वाचलं आणि पुन्हा वाचलं. ज्या बायकांवर घर चालवायची जबाबदारी आहे, त्यांना दुपारच्या सुट्टीच्या अर्धा तास आधी सोडावं, जर ती सुट्टी दीड तासाहून कमी असेल तर.

कशासाठी? घरी जाऊन चूल पेटवायला. दुपारचं जेवण घरीच व्हायचं. पुरुष आणि मुलं येईपर्यंत ताटात काहीतरी पडायला हवं. म्हणून सरकारने कायद्यात लिहून बाईला अर्धा तास दिला.

हा अर्धा तास लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एका बाजूने बघितलं तर केवढा मोठा विचार! दीडशे वर्षांपूर्वी एका सरकारने मान्य केलं की स्वयंपाक आपोआप होत नाही, त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ मालकाच्या तासांतून कापून द्यायला हवा. दुसऱ्या बाजूने बघितलं तर त्याच कलमाने हेही ठरवून टाकलं की चूल कुणाची. अर्धा तास आधी सुटणार ती बाईच. तिचा नवरा भोंगा वाजल्यावर आरामात येणार.

आता सांगा, अर्ध्या तासात काय शिजतं? कडधान्य तर नाहीच. वाटाणा, घेवडा भिजत घाला, लाकडाच्या नाहीतर कोळशाच्या आचेवर तासन् तास उकळत ठेवा, तेव्हा कुठे ते मऊ होणार. त्यामुळे गिरणीकामगाराच्या घरात व्हायचं काय, तर बटाटे, पाव आणि चिकोरी घातलेली पातळ कॉफी. वर पुरुषांना दारू. पोट भरल्यासारखं वाटायचं, अंगाला काही लागायचं नाही.

हे सगळं एक माणूस बघत होता. डॉ. फ्रिडोलिन शूलर. ग्लारुसमधलाच डॉक्टर. गिरणीतल्या माणसांची नाडी बघता बघता त्याच्या लक्षात आलं की यातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ ताटात आहे. १८७७ च्या कायद्यानंतर सरकारने त्याला कारखाना निरीक्षक नेमलं. म्हणजे आजारही ठाऊक आणि कारखान्याची आतली बाजूही ठाऊक, असा हा माणूस. १८८२ मध्ये त्याने तिथल्या एका राष्ट्रीय समाजहित संस्थेपुढे कामगारांच्या आहारातल्या उणिवांवर मांडणी केली. मांस महाग आहे, ते जाऊ द्या. कडधान्यांत प्रथिनं भरपूर आहेत आणि ती स्वस्तही आहेत. अडचण आहे ती फक्त शिजायला लागणाऱ्या वेळाची. ती कुणीतरी सोडवा.

ती सोडवायला पुढे आला एक गिरणीवाला. पण पिठाच्या गिरणीचा! नाव युलिउस मॅगी. वडील इटलीतून आलेले. केम्पटाल नावाच्या गावात त्यांची गिरणी होती. मॅगीने बरेच प्रयोग केले. कडधान्यं आधी उष्णतेने तयार करून घ्यायची आणि मग बारीक दळायची, म्हणजे घरी फक्त पाण्यात कालवून थोडा वेळ उकळलं की सूप. १८८४ मध्ये हे कडधान्याचं पीठ बाजारात आलं. समाजहित संस्थेने त्याची शिफारस केली.

होय, तोच मॅगी. पिवळ्या पाकिटावर आपण ज्याचं आडनाव वाचत मोठे झालो, तो. दोन मिनिटांच्या शेवयांच्या शंभर वर्षं आधी त्या नावाची सुरुवात गिरणीतल्या बाईच्या अर्ध्या तासात बसेल अशा डाळीच्या सुपाने झाली होती.

आता गंमत अशी की ज्यांच्यासाठी केलं, त्यांच्यात ते पीठ म्हणावं तसं चाललं नाही. बटाट्याच्या मानाने महाग, आणि चवही बेताचीच. मग १८८६ मध्ये मॅगीने चव आणणारा काळपट रस बाटलीत भरला आणि वाटाणा-घेवड्याची तयार सुपं काढली. जाहिराती लिहायला एक तरुण ठेवला, फ्रांक वेडेकिंड. तो पुढे जर्मन नाटककार म्हणून गाजला. १९०८ च्या सुमाराला सुपाच्या रसाची वडी आली. धंदा फोफावला. १९४७ मध्ये कंपनी नेस्लेत विलीन झाली. कामगारांच्या आहाराचा प्रश्न म्हणून सुरू झालेली गोष्ट चवीचा धंदा म्हणून जगभर गेली.

मी मॅगीला नावं ठेवत नाही. त्याने वेळ वाचवला हे खरंच आहे. पण शूलर डॉक्टरांच्या प्रश्नात दोन भाग होते. एक, कामगाराला पोषक काय खाऊ घालायचं. दोन, ते शिजवायला त्याच्या घरात वेळ कुठून आणायचा. पहिल्या भागाला पाकीट मिळालं. दुसरा भाग तसाच राहिला.

आता मुंबईत या. साल तेच, १८८४.

तिकडे मॅगीचं पीठ बाजारात येत होतं, इकडे सप्टेंबर महिन्यात नारायण मेघाजी लोखंडे गिरणीकामगारांच्या सभा घेत होते. लोखंडे म्हणजे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधू'चे संपादक. मुंबईतल्या गिरण्यांत तेव्हा घड्याळ नव्हतं, सूर्य होता. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. आठवड्याची सुट्टी नाही. जेवायला ठरलेली वेळ नाही, यंत्र चालू असतानाच चार घास घशाखाली लोटायचे. लोखंड्यांनी मागण्यांचा अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुट्टी. पगार वेळेवर. काम करताना इजा झाली तर भरपाई. आणि दुपारी अर्धा तास सुट्टी.

परत अर्धा तास!

स्वित्झर्लंडमध्ये तो चूल पेटवायला होता, मुंबईत तो नुसता बसून भाकरी खायला मागितला होता. आणि तोसुद्धा लगेच मिळाला नाही. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली, दहा हजारांच्या घरात माणसं जमली होती. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्यांची नावं इतिहासाने नीट जपली नाहीत, पण १८९० साली हजारो पुरुषांपुढे उभं राहून गिरणीतल्या बाया बोलल्या, एवढी नोंद आहे. १० जून १८९० ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास आला, आणि बायकांना दिवसाला ११ तासांहून जास्त काम नको असं ठरलं.

आपण रविवारी आडवारलेले असतो ना, तो रविवार कॅलेंडरमधून पडलेला नाही. तो मागून घेतलेला आहे. १० जूनला दरवर्षी लोखंड्यांची आठवण काढणाऱ्या पोस्टी येतात, मीही टाकतो. यंदा मात्र एक प्रश्न पडला. हा रविवार घरातल्या कुणाला मिळाला?

गिरणगावातल्या जेवणाचा हिशेब बघा. कोकणातून, घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपायचे. बायका-मुलं गावी. यांचं जेवण खाणावळीत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एक बाई, बहुतेकदा स्वतः कामगाराचीच बायको किंवा विधवा, पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या थापायची. पाळीप्रमाणे पानं मांडायची. पहिल्या पाळीचा डबा पहाटे, तिसऱ्या पाळीचं जेवण रात्री उशिरा. पैसे महिन्याच्या शेवटी, आणि किराणा मात्र आज. मधला खड्डा सावकाराच्या कर्जाने भरायचा. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याआधी या बायकांच्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं. गिरणी चालायची ती कोळशावर आणि विजेवर, असं आपण शिकलो. ती या बायकांच्या भाकरीवरही चालायची. आणि त्यांना रविवार कुठला? रविवारी तर जेवणारे दिवसभर खोलीवरच.

आता तिसरी गोष्ट, आणि ती माझ्या घरातली.

मॅगीने १८८४ मध्ये जे केलं, ते कोकणात आज्या-पणज्या कधीपासून करत आल्यात. कुळथाची पिठी. उन्हाळ्यात पावसाची बेगमी करताना कुळीथ निवडायचे, कढईत खमंग भाजायचे, जात्यावर भरडायचे, सुपात घेऊन टरफलं पाखडायची आणि मग दळून पीठ डब्यात भरायचं. भाजलेलं असल्यामुळे टिकतं, आणि शिजायला दहा मिनिटं पुरतात. तेलावर लसूण, मिरची, पाणी, आमसुलं, उकळी आली की पाण्यात कालवलेलं पीठ सोडायचं आणि ढवळत राहायचं. वर असला तर ओला नारळ. भातावर ओता, नाहीतर वाटीत घेऊन प्या. शंभर ग्रॅम कुळथात वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. शूलर डॉक्टर मालवणी असते तर त्यांना पिठाचा गिरणीवाला शोधावा लागला नसता.

माझी आजी म्हणायची, "पिठी असली घरात, तर उपाशी कोण रवाचो नाय." मे महिन्यात गावाहून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पिठीचा डबा लालबागला आमच्या चाळीत पोचायचा.

बाबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मी नऊ वर्षांचा, ताई तेरा. पुढचं बहुतेकांना माहीत आहे, अडीच लाख माणसं घरी बसली. तुमच्यातल्या कितीजणांच्या घरात हेच झालं असेल. सहा महिने उसनवारीवर काढले आणि मग आई कामाला लागली. उपनगरात एका छोट्या कारखान्यात औषधाच्या बाटल्या भरायच्या, लेबलं लावायची. सकाळी सातला निघायची, घरी यायला रात्रीचे आठ.

बाबा दिवसभर घरी. कधी सभेला, कधी नाक्यावर, कधी नुसतेच खाटेवर छताकडे बघत. पिठीचा डबा फळीवर. दहा मिनिटांचं काम. पण संध्याकाळी सातला आम्ही भुकेने कळवळायला लागलो की ताई उठायची. तेरा वर्षांची पोर. शाळेचं पुस्तक उघडं ठेवून स्टोव्ह पेटवायची, एका हाताने ढवळायची आणि दुसऱ्या हाताने पान धरायची. पिठीचे डाग पडलेलं तिचं इतिहासाचं पुस्तक मला अजून आठवतं.

बाबा वाईट माणूस नव्हते. आम्हाला कधी हात लावला नाही, दारूला शिवले नाहीत. वीस वर्षं साच्यावर उभं राहिलेल्या माणसाचे हात कामाला कधी मागे हटले नव्हते. पण बेकार पुरुषाने चुलीपाशी बसायचं म्हणजे उरलीसुरली गेली, असं त्यांना वाटत असणार. त्यांना तसं वाटायला लावणारी चाळ आजूबाजूला होतीच.

मार्च १९८५. ताईची दहावीची परीक्षा. तोवर आईला वर्षभर रात्रीचा जादा वेळ लागत होता, ती नऊ-साडेनऊला यायची. पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी ताई उठायला लागली तर बाबा म्हणाले, "बस. वाच." आणि त्यांनी खोलीचं दार लावलं.

चाळीत राहिलेल्यांना कळेल दार लावणं म्हणजे काय. आमच्याकडे रात्री झोपताना सोडलं तर दार कधी लागायचं नाही. बाबांनी दार लावलं, कडी घातली आणि स्टोव्ह पेटवला. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं, त्यामुळे लाडवाएवढ्या गुठळ्या झाल्या. मीठ दुप्पट. आम्ही तिघांनी मुकाट्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दार लावलं. परीक्षा संपेपर्यंत रोज दार लागत होतं. शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलं, "हल्ली दार लावून काय करतात हो तुमचे?" आई म्हणाली, "मुलीचा अभ्यास घेतात."

शेवटच्या पेपरपर्यंत पिठी चांगली जमायला लागली होती. परीक्षा संपली, दार उघडं राहायला लागलं आणि स्टोव्ह परत ताईकडे गेला.

परवाच्या त्या मेसेजनंतर मी ताईला फोन केला, तेव्हा ती हेच म्हणाली. "पीठ तयार होतं रे घरात. ढवळायला कोण होतं?"

मला वाटतं, सूपच्या सगळ्या इतिहासाचा प्रश्न एवढाच आहे. पीठ कधीच तयार झालंय. कोकणात आजीने केलं, केम्पटालमध्ये मॅगीने केलं. १९८३ मध्ये दोन मिनिटांचं पाकीट आपल्याकडे आलं, मग सुपांची पाकिटं आली, मिक्सर आला, कुकर आला, फ्रीज आला. दर वेळी सांगितलं गेलं की बाईचा वेळ वाचला. मग तो वाचलेला वेळ गेला कुठे?

केंद्र सरकारची २०२४ ची वेळ-वापर पाहणी बघा. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. आणि हे ८८ मिनिटं जे पुरुष घरकाम करतात त्यांचं आहे. बहुसंख्य पुरुष त्या हिशेबात येतच नाहीत, कारण ते काहीच करत नाहीत.

आता याला जोडून दुसरी बातमी. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. त्यावर चर्चा झाली ती उद्योग, गुंतवणूक, जादा कामाचा मोबदला, कामगाराची संमती यांवर. तेही महत्त्वाचं आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम आहे, असंही सांगितलं गेलं. पण बारा तासांत जायचे-यायचे दोन-तीन तास मिळवा. त्या दिवशी त्या घरात स्वयंपाक कोण करणार, यावर मला कुठे एक ओळ वाचायला मिळाली नाही. १८६४ मध्ये ग्लारुसच्या लोकांनी मर्यादा १२ तासांवर आणली, तेव्हा ती सुधारणा होती. १८७७ च्या स्विस कायद्याने निदान चुलीला अर्धा तास मोजून दिला होता. भले तो फक्त बाईला दिला, पण मोजला तरी! आपण २०२५ मध्ये तासांची चर्चा करतो तेव्हा चूल मोजतच नाही. ती कुणीतरी सांभाळेल, असं धरून चालतो. तो 'कुणीतरी' बहुतेक घरांत एकच असतो.

आणि मग आपण त्याच 'कुणीतरी'ला रविवारी सकाळी सांगतो, आठवड्याचं सूप आधीच करून ठेव, किती सोपं आहे, व्हिडिओ बघ. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार आपण असा परत घेतो.

आधी करून ठेवण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः करतो. घरचं सूप पाकिटातल्यापेक्षा केव्हाही चांगलं. पाकिटाच्या मागे मिठाचं प्रमाण वाचा. दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एक लहान चमचा. घरी ते आपल्या हातात असतं. फक्त हे काम एकट्या बाईचं नाही, एवढंच म्हणणं.

म्हणून आमच्या घरची पद्धत सांगतो. कबूल केल्याप्रमाणे रेसिपी.

शनिवारी रात्री भाज्या धुऊन ठेवायचं काम मुलाचं. वय सतरा, हात-पाय शाबूत. रविवारी दोन वाट्या मसूर, अर्धा किलो लाल भोपळा, दोन गाजरं, चार टोमॅटो, एक कांदा, आल्याचा तुकडा हे सगळं पाण्यासकट कुकरला. चार शिट्ट्या. गार झालं की घुसळायचं. दाटच ठेवायचं, म्हणजे जागा कमी लागते, पाणी आयत्या वेळी घालता येतं. मीठ, मिरपूड, लिंबू सगळं खाताना. दूध-साय आधी घालायची नाही.

मोठ्या पातेल्यात तसंच झाकून दिवसभर ओट्यावर ठेवू नका, ही चूक बरेचजण करतात. पसरट भांड्यात लवकर निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. एकेका जेवणाचा वेगळा डबा. तीन दिवसांचं खालच्या कप्प्यात, पुढचं वर बर्फात. खायच्या वेळी लागेल तेवढंच काढा, खळखळून उकळा, उरलेलं पुन्हा आत ठेवू नका.

सोमवार ते बुधवार हे सूप आणि भाकरी किंवा पाव. गुरुवारी कुळथाची पिठी. पिठी आता गावाहून येत नाही, दादरला विकत मिळते, पण दहा मिनिटं तीच आहेत. शुक्रवारी बर्फातलं सूप. सोमवार-बुधवार गरम करून पानं घेणं माझ्याकडे, मंगळवार-शुक्रवार मुलाकडे. गुरुवारची पिठी बायको करते, कारण माझ्या पिठीत अजून गुठळ्या होतात. वारसाहक्काने आल्यात. आणि रविवारचे ते तीन तास बायको घरात नसते. ती फिरायला जाते, मैत्रिणींकडे जाते, कधी नुसती गॅलरीत पेपर घेऊन बसते. सुरुवातीला दर दहा मिनिटांनी आत येऊन बघायची. आता येत नाही.

यात मी काही थोर करतोय असं नाही. आईच्या चाळीस वर्षांपुढे माझे हे तीन वर्षांतले रविवार म्हणजे काहीच नाहीत. फोटो टाकला होता तो मी काढून टाकला. आई कधी फोटो टाकत नव्हती.

बाबांना जाऊन आता बारा वर्षं झाली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, ताईच्याही मनात नाही. उलट ती म्हणते, दहावीला तिला जे मार्क पडले त्यातले थोडे त्या गुठळ्यांचे होते. पण त्यांना दार लावावं लागलं, याचं वाईट वाटतं. उघड्या दाराने त्यांना ती पिठी ढवळता आली असती, तर परीक्षा संपल्यावरही ते कदाचित ढवळत राहिले असते.

या रविवारी तुमच्या घरात आठवड्याची तयारी होत असेल, तर स्वयंपाकघरात कोण उभं आहे ते जरा बघा. पुरुषमंडळींनो, जाऊन पळी हातात घ्या. दार उघडंच राहू द्या.